वाचून दाखवणाऱ्याने काही गाळू नये

गिरगाव, मुंबई ४
रविवार, ३ एप्रिल १९६०

ती. माईंच्या चरणी सुमेधाचा शिरसाष्टांग नमस्कार. पत्र वाचून दाखवणाऱ्यास नुसता नमस्कार.

इकडे सर्व खुशाल. नलूची परीक्षा आटोपली. तिचे पुढचे दोन दात पडले आहेत, त्यामुळे बोलताना मधूनच शीळ वाजते. पडलेले दात तिने काडेपेटीत ठेवले आहेत. आजीला दाखवल्याशिवाय टाकायचे नाहीत म्हणते.

माई, तुम्हाला अक्षरओळख नाही आणि अहमदाबादच्या तुमच्या त्या गल्लीत, ज्याला तिकडे पोळ म्हणतात, सगळा शेजार गुजराती. मराठी वाचणारे माणूस एकच, ते म्हणजे तुमचे चिरंजीव. तेव्हा हे पत्र तेच वाचणार हे मी धरूनच चालले आहे. तळमजल्यावरचे आपले शामराव वकील म्हणाले, "अहो बाई, शत्रूच्याच हाती दारूगोळा देताय!" मी म्हटले, दुसरा वाचणारा कुठून आणू? पाने चार आहेत. वाचता येत नसले तरी मोजण्यात तुम्हाला कुणी फसवलेले मी पाहिले नाही. वाचून झाले की मोजून घ्या.

आता बातम्या. कोर्टाने घटस्फोट दिला. दोन वर्षांमागे वेगळे राहण्याचा हुकूम झाला होता, आता गाठच सुटली. म्हणजे मला नाव घ्यायची मोकळीक झाली. दहा वर्षे मी 'अहो' आणि 'नलूचे बाबा' यांवर भागवले, फार तर मंगळागौरीला उखाण्यात दडवून घेतले. आता उखाण्याशिवाय घेते. चिंतामणी. चिंतामणी. चिंतामणी. (चिंतामणराव, तीनदा लिहिले आहे, तीनदाच वाचा.)

खोली माझ्याकडे राहिली. ते अहमदाबादेस गेल्यापासून भाडे मीच भरत होते, शामरावांनी पावत्यांचा गठ्ठाच पुढे केला. भांड्यांच्या वाटणीची मजा मात्र तुम्ही पाहायला हवी होती. लग्नात आलेले सारे तांबे-पितळ शामरावांच्या खोलीत मांडले आणि दोन्हीकडचे वकील चष्मे सावरून भांड्यांवरची नावे वाचायला बसले. तुमच्याकडच्यांचे नाव असेल ते तिकडे, माझ्या माहेरच्यांचे असेल ते इकडे. सगळे सुरळीत चालले होते, इतक्यात निघाले पुरणयंत्र. एका अंगाला तुमच्या दिरांचे नाव, दुसऱ्या अंगाला माझ्या मामांचे! दोघांनी मिळून दिलेले. झाले, दोन्ही वकील हमरीतुमरीवर. शेवटी शामराव कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, मुंबई महाराष्ट्राला मिळाली, पण हे यंत्र काही सुटत नाही!" तेव्हा चिंतामणराव पहिल्यांदा बोलले. "राहू दे तिच्याकडे. मला कुठे पुरण घालता येतं?"

मग निघाला तुमचा हंडा आणि दोन पातेली. त्यांवर 'राधाबाई' एवढेच. तिकडचे वकील विचारू लागले, हे कुणाच्या वाट्याला? शामराव म्हणाले, "कुणाच्याच नाही. यांची मालकीण धडधाकट आहे, तिला विचारा." भांडी परत फळीवर गेली. मी चिंचेने घासून ठेवली आहेत.

आता नलूचे. न्यायाधीश भला माणूस दिसला. त्याने मला विचारले, "तुम्ही फोर्टात टाइपिस्ट. संध्याकाळी घरी येता. मुलगी शाळेतून आली की तिच्याजवळ कोण?" मी शेजारच्या बकुळाताईंचे नाव सांगितले. तो म्हणाला, शेजार आज आहे, उद्या नाही. तिकडच्या वकिलांनी संधी साधली. "अहमदाबादेस मुलीची सख्खी आजी घरात आहे, साहेब." खरेच आहे ते. पंचवीस तारखेपर्यंत घरात कुणी वडीलधारे माणूस आहे असे मी दाखवले, तर नलू माझ्याकडे. नाहीतर जूनपासून ती तिकडच्या शाळेत.

बाजारात कैऱ्या आल्या आहेत. या वर्षी लोणचे घालावे की नाही ते ठरत नाही. गेल्या वर्षीचे तुमच्या हातचे आहे थोडे, ते नलू कुणाला हात लावू देत नाही. एक मेपासून मराठी राज्य होणार म्हणून वाडीत पताकांची वर्गणी सुरू झाली आहे. समोरच्या गुणाजींनी...

जाऊ दे. मी का लांबण लावते आहे ते तुमच्या ध्यानात आले असेलच. माई, तुम्ही इकडे या. चार दिवसांसाठी नाही, राहायला या.

दिवाळीत तुम्हाला न्यायला चिंतामणराव आले, तेव्हा मुलाला आईची आठवण झाली म्हणून तुम्ही किती आनंदलात! नव्या वहाणा घेतल्यात, वाडीभर सांगून आलात. यात वकिलाची सल्लामसलत आहे, हे मला तेव्हाच कळले होते. पण तुमचे तोंड पाहिले आणि गप्प बसले. नवरा गेला तेव्हा मी रडले नाही, नोकरी शोधायला लागले. तुम्ही गेलात त्या संध्याकाळी मोरीत बसून रडले. नलूला वाटले डोळ्यांत साबण गेला.

चिंतामणराव, इथून पुढे वाचणे तुम्हाला जड जाईल. तुम्ही वाईट नाही, भित्रे आहात. दोन महिन्यांनी बोलावतो म्हणून गेलात आणि वर्षे काढलीत, तीही भीतीपोटीच. हे वाचून दाखवलेत तर नलू तुमच्या हातची जाईल. गाळलेत तर माईंना ब्रह्मदेवही सांगायला येणार नाही. दोन्ही मला कळते. तरी लिहिते, कारण चोरून निरोप धाडून माईंना पळवणे मला जमणार नाही.

माई, कायद्याने आता मी तुमची कुणीच नाही. सासूसाठी काही कलम आहे का म्हणून शामरावांना विचारले. ते म्हणाले, "सासूला कलम नसतं हो, तिला विचारावं लागतं." म्हणून विचारते आहे. याल?

तुमची
सुमेधा


गिरगाव, मुंबई ४
सोमवार, २ मे १९६०

श्री. चिंतामणराव यांस,
सुमेधाचा नमस्कार.

तुम्हाला मी आपणहून लिहिलेले बऱ्याच वर्षांतले हे पहिलेच पत्र. शामरावांना विचारलेले नाही.

माई आल्या तेव्हा घरात पाऊल टाकण्याआधी, जिन्यातच कडाडल्या. "माझ्या मुलाला भित्रा म्हणतेस होय गो?" मी पिशवी घ्यायला पुढे झाले होते, तिथेच कठड्याला टेकले. म्हणजे तेही वाचलेत तुम्ही! मग चहा पिताना हळूच विचारले, नाव किती वेळा वाचले? म्हणाल्या, "तीनदा. तिसऱ्यांदा तर कानापर्यंत लाल झाला मेला." नलू आणि मी पोट धरधरून हसलो. त्यांना गाडीत बसवून द्यायला तुम्ही स्वतः गेलात, दशम्या बांधून दिल्यात, हेही कळले.

कोर्टात काय झाले ते तुम्ही पाहिलेच, तरी मला पुन्हा लिहायची हौस आहे. न्यायाधीशाने विचारले, "आजी, तुम्ही मुलाकडच्या की सुनेकडच्या?" माईंनी पदर खोचून सांगितले, "मी नलूकडची." सबंध कोर्ट हसले. तुमचे वकील हरकत घ्यायला उठत होते आणि तुम्ही त्यांच्या काळ्या कोटाची बाही धरून त्यांना खाली बसवलेत. ते मी पाहिले.

काल गिरगावात नुसती दिवाळी होती. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंग पाहून आलेले शामराव सकाळपासून पेढे वाटत होते आणि ज्याला त्याला सांगत होते, "एका आठवड्यात दोन खटले जिंकलो!" आम्ही तिघी रोषणाई पाहत चौपाटीपर्यंत चालत गेलो. तुमच्याकडेही दिवे लागले असतील. माई मध्येच थांबून म्हणाल्या, "आता चिंतूचं राज्य निराळं झालं. भेटायला परवानगी काढावी लागेल का गो?" मी म्हटले, तिकीट काढले की झाले.

दिवाळी आणि मे महिना नलू तुमच्याकडे, असा हुकूम आहे. तिची सुट्टी चालूच आहे. केव्हाही येऊन घेऊन जा, शाळा उघडायच्या आत पोचवा. काडेपेटीही बरोबर नेणार आहे ती.

आणखी एक. कोर्टात तुमच्याविरुद्ध जे जे लिहून दिले ते सगळे खरे होते, त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. पण तुम्ही ते पत्र अखेरपर्यंत वाचलेत, हे कुठल्याच कागदावर आले नाही. म्हणून इथे लिहिते. नलूलाही सांगितले आहे.

आता माई शेजारी बसून सांगत आहेत, ते त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"चिंतू, मेल्या, वेळेवर जेवतोस ना? फळीवर मेतकुटाचा डबा आहे, तो उघडा ठेवू नकोस. हिचं पत्र वाचताना शेवटी शेवटी तू थांबलास. उठून पाणी प्यालास. मला वाटलं संपलं, म्हणून मी पानं मोजायला हात पुढे केला. तर तू परत बसलास आणि पुढचं वाचलंस. गाळलं असतंस तर मला कळलं नसतं रे. राहिले असते तुझ्याकडेच. इथे बरं आहे, नलू गळ्यातून हात काढत नाही. पण तू लबाड असतास ना, तर मी सुखानं निघाले असते. तू गाळलं नाहीस, म्हणून गाडी हलली तेव्हा माझा जीव तुटला. नलूला न्यायला येशील तेव्हा चार दिवस राहा. हॉटेलात नको, इथे गॅलरीत झोप. मी सुमेधाशी बोलते. ती नाही म्हणायची नाही. हे तीच तर लिहिते आहे."

माईंनी सांगितले तसे लिहिले. काही गाळलेले नाही. गॅलरीत गादी घालून ठेवते.

सुमेधा