हिरव्या शालूची लक्ष्मी

॥ श्री ॥

इंदूर, ता. ८ नोव्हेंबर १९७४

चि. सौ. श्यामला हिस,
अनेक आशीर्वाद.

आज गहू निवडताना एकदम पुण्याचं आपलं माजघर आठवलं. आजोबांच्या शिळाप्रेसवर दगडावरून छापलेली, नुसत्या काळ्या रेघांची लक्ष्मी घरी यायची. आई आणि काकू तिच्यात कुंचल्यानं रंग भरायच्या, कागद जमिनीवर वाळत घालायच्या आणि मांजर येऊ नये म्हणून आपल्या दोघींना राखणीला बसवायच्या. मांजर आलं की तू त्याच्यामागे धावायचीस ती थेट चित्रांवरून. मांजरानं एकही चित्र कधी बिघडवलं नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन.

आठवण्याचं कारण सुनीती. लेकीचं लग्न दीड महिन्यावर आलं. साड्या, भांडी सगळं झालं, पण माझ्या मनात तिला आईच्या हातचं काही द्यायचं आहे. म्हणून माझ्याकडची लक्ष्मी काढली. यांना ती पहिल्यापासून कॅलेंडरसारखी वाटते, त्यामुळे बिचारी कपाटाच्या दाराला आतून टांगलेली असते. मागच्या फळीमुळे कागद चहाच्या रंगाचा झाला आहे, अंगावर गोवर उठल्यासारखे ठिपके आहेत, एक कोपरा कसरीनं खाल्ला आहे. पण शालू अजून हिरवागार. ती मी सुनीतीला देणार.

तुझ्याकडची काकूंनी रंगवलेली निळी लक्ष्मीही तिथल्या फ्रेमवाल्याला दाखवून घे. लग्न तुझ्याच घरून, पाहुणे येणार, काच तरी नवी असू दे. सुनीती नोकरीच्या नावाखाली तुझ्याकडे राहून नुसती लाडावली आहे, तिलाही कामाला लाव.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
ताई


कोथरूड, पुणे, ता. १५ नोव्हेंबर १९७४

ति. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मांजराबद्दल कोर्टात जायची माझी तयारी आहे.

लक्ष्मी पेठेतल्या फ्रेमवाल्याकडे दिली. केव्हा मिळेल म्हणून विचारलं, तर म्हणाले, इतकी वर्षं भिंतीवर थांबली ती माझ्याकडेही थांबेल, घाई तुम्हालाच दिसते.

ताई, एक लिहिते, हसू नकोस. बाबांच्या माघारी वाटणी झाली तेव्हा तू म्हणालीस, हिरवी आईची ती थोरलीला, निळी काकूंची ती धाकटीला. मी मान डोलावली. आई हिरवा शालू रंगवायची आणि काकू निळा, हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. तेव्हापासून रोज निळ्या लक्ष्मीला फूल वाहते आणि रोज वाटतं, माझ्या घरात आईचा हात नाही. मनात एक वेडी आशा होती की कधीतरी तू हिरवी मला देशील. आता ती सुनीतीकडे जाणार. सुनीती मला पोटच्या मुलीसारखी, मग तक्रार तरी कुणाकडे करू? तिलाच दे. मनापासून सांगते आहे. लिहिलं नसतं तर घास गोड लागला नसता, एवढंच.

धाकटीवरचा जीव कमी करू नये, ही विनंती.
तुझी,
श्यामला


कोथरूड, पुणे, ता. २४ नोव्हेंबर १९७४

ति. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहिते आहे.

काल मी आणि सुनीती चित्र आणायला गेलो. फ्रेमवाल्यांनी चौकटीच्या पट्ट्या काढून ठेवल्या होत्या. शालूचा घोळ खाली पट्टीच्या आत गेलेला होता, तो इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उघडा झाला. ताई, तो हिरवा आहे! पोपटी हिरवा, तुझ्याकडच्यासारखा. जिथं पट्टी संपली तिथून वर निळा.

सुनीतीनं कागद दाराशी नेऊन तिरका धरला, बोटानं ती रेघ दाखवली, तेव्हा मला शाळेतला चित्रकलेचा तास आठवला. सिस्टर म्हणायच्या, सगळ्या रंगांत पिवळा भित्रा, ऊन पाहिलं की पळतो. आईनं निळ्यात पिवळा मिसळून हिरवा केला होता. बाबांकडे ही लक्ष्मी ओसरीवरच्या खिडकीसमोर होती. मीही सकाळचं कोवळं ऊन तिच्या पायांवर यावं म्हणून हौसेनं पूर्वेच्या खिडकीसमोर लावली. पिवळा उडून गेला, निळा तेवढा राहिला. काकू तर निळा वाटीतून घेऊन तसाच लावायच्या, मिसळामिसळीचा त्यांना कंटाळा.

फ्रेमवाले नवा हिरवा रंग भरून द्यायला निघाले होते. सुनीतीनं चित्र छातीशी धरलं आणि मला म्हणाली, "मावशी, हिच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही."

येताना रिक्षात मी रडत होते आणि ही पोरगी हसत होती. रिक्षावाला आरशातून सारखा बघत होता, त्याला वाटलं मीच सासरी चालले आहे.

पण ताई, मग काकूंची लक्ष्मी गेली कुठं? तू थोरली, तुला आठवत असेल.

पत्र येईपर्यंत चैन पडायचं नाही, हे जाणून लवकर लिही.
तुझी,
श्यामला


॥ श्री ॥

इंदूर, ता. ३० नोव्हेंबर १९७४

चि. सौ. श्यामला हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. यांनी उठून कपाट उघडलं आणि चष्मा लावून लक्ष्मी पाहिली. ती घरात आल्यापासून पहिल्यांदाच.

काकू वेगळ्या होऊन साताऱ्याला गेल्या तेव्हा आपली लक्ष्मी ट्रंकेत घालून घेऊन गेल्या. झाकण लागेना म्हणून मला वर बसवलं होतं. हे आठवतं, आणि वाटणीच्या दिवशी नेमकं आठवलं नाही. बाबांच्या घरी राहिलेल्या दोन्ही आईच्याच होत्या गं. मी जिवापाड सांभाळली म्हणत होते ती अंधारात होती. तुझ्या लक्ष्मीचा शालू उडाला तो रोज कुणीतरी तिच्यापुढे उभं राहत होतं म्हणून.

आम्ही बारा तारखेला येतो. माझ्याशी भांडायला ताकद राखून ठेव.
तुझी,
ताई

ता. क. नीट वाच आणि यात बदल करू नकोस. हिरवी सुनीतीची. मागची फळी काढून टाकली आहे, तिथे जाड पुठ्ठा घाल. तिला नव्या घरात बसायच्या खोलीत लावायची, ऊन आलं तर येऊ दे. निळी तुझी, आणि तुझ्यानंतर सुनीतीच्या पहिल्या लेकराची, मुलगा असो की मुलगी. काकूंची साताऱ्याला त्यांच्या लेकाकडे, श्रीधरकडे असेल, ती त्याचीच, मागायला जाऊ नकोस. मला काही ठेवू नका. दर दिवाळीला दोन्ही काचा पुसायचं काम तेवढं माझ्याकडे.