फेसाचं घरटं

अण्णा, काल नातवानं बाजारातून फायटर मासा आणला आणि मला तुमची आठवण आली. आठवण कसली, जळफळाटच झाला. या वयाला शोभत नाही, पण तुमच्यापाशी काय लपवायचं.

दुष्काळाचं ते साल. गावातली गुरं छावणीत गेली, कळंबच्या दूध सोसायटीत दूधच येईना. तुम्ही तिथले सेक्रेटरी, पण सहीपुरतंही काम उरलं नाही. मग तुम्ही सोलापूरहून फायटरची जोडी आणलीत. टँकर आला की पहिली घागर माशांची. ती दिवसभर उघडी ठेवायची, ब्लीचिंग पावडरीचा वास उडाला की मगच टाकीत ओतायची. आम्ही मात्र तसंच वासाचं पाणी प्यायचो. आई करवादायची, "माणसं तहानली, अन् ह्यांच्या घरात माशाचं बाळंतपण!" मी हसायचे, पण त्या घागरीकडे बघून माझ्या पोटात दुखायचं.

सातवीचा निकाल लागला त्या दिवशी मी शाळेतून पळतच आले. दार ढकलते तोच तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत.

"हळू! वाऱ्यानं घरटं फुटंल."

निळ्या नरानं तोंडानं फेस करून पाण्यावर घरटं बांधलं होतं आणि त्याखाली तो पहारा देत होता. अंडी घालून झाल्यावर मादीला तुम्ही लोणच्याच्या रिकाम्या बरणीत काढलं होतं.

"हितं ये, बघ. पिल्लू खाली पडलं की बाप तोंडात धरून वर नेतोय. झोप न्हाय, खाणं न्हाय त्याला."

एक ठिपका बुडताना दिसला. नर खाली गेला, त्याला अलगद उचलून फेसात ठेवून आला. तुमचे डोळे पाणावले होते. तसे मी ते कधी पाहिले नव्हते.

"अण्णा, मी वर्गात पैली आले."

"व्हय? बरं झालं. हळू बोल की गं."

नजर टाकीवरच. तुम्ही पुन्हा विचाराल म्हणून मी प्रगतिपुस्तक घेऊन तिथंच उभी राहिले. आईनं जेवायला हाक मारली तेव्हा ते दप्तरात ठेवलं.

गावात सगळंच वाळत चाललं होतं, तुम्हाला काहीतरी जगताना बघायचं असेल. हे मला आता कळतं. कळून जळणं थांबत नाही.

हे पत्र टाकणार कुठं? कपाटात साड्यांखाली राहील. पण एक सांगून टाकते. मला अजून त्या पिल्लांचा हेवा वाटतो. त्यांना नुसतं खाली पडायचं होतं. मी तर पहिली आले होते.