गार न झालेला पेला

गुरुवार, १२ नोव्हेंबर

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींचं सकाळचं गाणं चालू असेलच. त्यांचा आवाज फार गोड आहे, त्यांना सांग. दोन वर्षांनी लिहिते आहे, त्याबद्दल आधी माफी मागते. दोन वर्षं माझ्या समजुतीप्रमाणे. तुझ्या म्हणण्याप्रमाणे मी सप्टेंबर-ऑक्टोबरातच तुला चार पत्रं पाठवली. त्याकडे येते, पण क्रमानं, नाहीतर माझं मलाच पटणार नाही.

ऑगस्टात मी वर्गात फळ्यावर एकच समीकरण अकरा वेळा लिहिलं. मुलांनी ते अकरा वेळा उतरवून घेतलं (वीस वर्षांत माझ्या तासाला एवढी शिस्त कधी नव्हती). बाराव्या वेळी मी खाली बसले ती उठलेच नाही. रक्त तपासलं तर सोडियम एकशे एकोणीस. हवं किमान एकशे पस्तीस. जन्मभर रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईच्या रक्तात सोडियम पुरत नाही, यावर शिक्षकांच्या खोलीत झालेले विनोद तुला कळवत नाही. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी नाही बाई, पाणी जास्त आहे; तुमची मूत्रपिंडं पाणी धरून बसतात, सोडत नाहीत. मी काही सोडत नाही हे तू लहानपणापासून सांगत आलीस, तेव्हा तुला यात नवल वाटू नये.

त्यांच्याकडे एका पुडीची चाचणी चालू होती, तीत माझं नाव घातलं. पूड युरियाची. रोज संध्याकाळी सहाला एक, अर्धा पेला पाण्यात ढवळून. अशा तीन पेट्या, प्रत्येक चार आठवड्यांची. काही पेट्यांतल्या पुड्या खऱ्या, काहींतल्या नुसत्या तशा दिसणाऱ्या. चवीला सगळ्या सारख्याच कडू. कोणती पेटी कसली हे आम्हाला सांगायचं नाही, आणि डॉक्टरांनाही ते ठाऊक नसतं. शिवाय रोज वहीत लिहायचं: पाणी किती प्याले, डोकं दुखलं का, तोल गेला का. वही लिहिण्याची मला सवयच आहे, हे नर्सबाईंना कळल्यावर त्यांना झालेला आनंद मी पाहिला आहे.

आता माझा अपराध. युरिया पाण्यात विरघळला की पाणी गार पडतं. हा प्रयोग मी दर वर्षी नववीला दाखवते. पहिल्या पेटीचे चार आठवडे माझा पेला होता तसाच राहिला. दुसऱ्या पेटीच्या पहिल्याच पुडीला हाताला असा गारवा लागला, की मी पेला खाली ठेवला. म्हणजे मला जे कळायला नको ते कळलं. नर्सबाईंना सांगावं की नाही, यावर मी सहा पानं लिहिली आणि शेवटी सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘बाई, दांडीचा पेला घ्या आणि दांडीला धरा.’ एवढंच. (मी अजून दांडीला धरत नाही.)

गारव्याच्या त्या पेटीनं डोकं धुतल्यासारखं लख्ख झालं. काल आकडा एकशे छत्तीस आला. आणि परवा तुझा फोन: ‘अगं, चार सोमवार झाले, पत्र नाही तुझं. रागावलीस का पुन्हा?’ तू तुझ्याकडची पत्रं वाचून दाखवलीस तेव्हा मी भिंतीला टेकून उभी होते. वाक्यं माझ्याच वळणाची, पण मी ती लिहिलेली नाहीत. भाऊजींच्या आवाजाची स्तुती मी कशी करेन? तुमच्याकडे असताना त्यांचा रियाज सुरू झाला की मी गच्चीवर कपडे वाळत घालायला जायचे, कपडे नसले तरी.

फोन ठेवून मी चाचणीची वही उघडली. पहिल्या पेटीच्या चारही गुरुवारी माझ्या नेटक्या अक्षरात नोंद होती: ‘पाणी एक लिटर. डोकेदुखी नाही. आज तिनं ताईला पत्र लिहिलं. मी शेजारी बसून होते. ती शांत आहे.’ टेबलाशी एकच खुर्ची आहे, ताई. मी ती आता भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे.

त्या पत्रांत तिनं तुला लिहिलं की आई सकाळी सातला गेली आणि तू मला तीनला कळवलंस ते बरंच केलंस, माझ्या मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा पुरी झाली. ताई, त्या आठ तासांत मी परीक्षानळीतल्या द्रवाचा रंग बदलतो का ते बघत होते. त्यावरच तर आपण दोन वर्षं बोललो नाही. आता तू म्हणतेस, त्या पत्रांनंतर तुला झोप लागायला लागली. तिचं बोलणं मागे घेतलं तर तुझी झोप जाईल, आणि न घेता गप्प बसले तर ते माझं खोटं ठरेल. म्हणून आज, शुद्धीवर असताना, आकडा एकशे छत्तीस असताना, स्वतःच्या हातानं लिहिते आणि खाली रेघ ओढते: तू कळवलं नाहीस ते माझ्यावरच्या मायेनं, आणि माझा राग गेला.

तुझी,
धाकटी

ता. क. खरं काम हे. दर गुरुवारी सहाला मला फोन कर आणि भाऊजींना एक ओळ गायला लाव. मी फोन बाजूला ठेवला तर माझी तब्येत ठीक आहे. स्तुती केली तर लगेच डॉक्टरांना कळव.

ता. क. २. तिसरी पेटी आज सकाळीच मिळाली, म्हणून पहिली पुडी घ्यायला उठले. पेटीत सात पुड्या आधीच फाडलेल्या आहेत. आठवी ढवळली. पेला दोन्ही हातांत धरून बसले, गार झाला नाही. दारातल्या वर्तमानपत्रावर तारीख एकोणीस आहे. मग पत्र पहिल्यापासून वाचलं. पहिल्याच परिच्छेदात भाऊजींचा आवाज गोड आहे. खुर्ची टेबलाकडे तोंड करून आहे.

उद्याचं काम: रक्त देऊन आकडा कळल्यावर, रेघ ओढलेलं वाक्य कोऱ्या कागदावर पुन्हा लिहून बघणे.