बरगडीतलं कोपर

सोमवार, ३
आलो बुवा एकदाचा. खोली झकास आहे. लोखंडी पलंग, एक खुर्ची, एक बोजड कपाट, आणि खिडकीतून आमचा पूल दिसतो. त्याचा गंज खरवडून रंग द्यायचाय. मी मुकादम, म्हणजे खरवडायचं इतरांनी, ओरडायचं मी. मुलीची परीक्षा संपली की बाईसाहेब तिला घेऊन शनिवारी येतील. मी निघताना बायको म्हणाली, झोपेत तुमचा श्वास अडकला की तिथे कोपर कोण मारणार? म्हटलं, आठवडाभर तुझ्या कोपराला सुट्टी. ती हसली नाही.

मंगळवार, ४
कामावरच्या डॉक्टरांनी पकडलंच. रक्तदाब चढलेला, सकाळी डोकं जड, दुपारी डुलक्या. झोपेत हवा देणाऱ्या यंत्राचा नळीवाला मुखवटा लावता का, म्हणून विचारलं. तो लावला की मी हत्ती दिसतो, त्यामुळे पेटीतच असतो. मग त्यांनी माझ्याच भाषेत समजावलं. झोपेत घसा मिटतो, रक्तातला ऑक्सिजन घसरतो, दचकून श्वास घेतला की एकदम उसळतो. रोज रात्रभर हा चढउतार चालला की रक्तवाहिन्या, हृदय, मेंदू सगळं आतून गंजायला लागतं. मी म्हटलं, गंजाचं मला शिकवू नका. उगाच तोडून बोललो. हल्ली डोकं फार लवकर फिरतं.
मुखवटा काही लावला नाही.

बुधवार, ५
कोपर बसलं. बरोब्बर बरगडीत, नेहमीच्या जागी. झोपेतच ‘हो गं’ म्हणून कुशीवर वळलो, छान झोप लागली. दात घासताना लक्षात आलं, ती इथे कुठे आहे?
स्वप्न असेल. पण बरगडी दुखतेय.

गुरुवार, ६
खालच्या मालकीणबाईंनी जिन्यात अडवलं. बायको आली वाटतं, म्हणाल्या. नाही म्हटलं तर तोंड वाकडं केलं. तुमचं घोरणं थांबतं, मग कोणीतरी वर हलतं, आणि घोरणं पुन्हा सुरू होतं. त्या खोलीचं भाडं एकट्याचं आहे, हेही सांगून झालं.
दुपारी पुलावर उभ्या उभ्या डोळा लागला. माणसांनी पट्टा धरून मागे ओढलं. बरगडीवर निळा डाग पडलाय.

शुक्रवार, ७
रात्री पुन्हा. या वेळी डोळे उघडले — कोणी नाही. पण शेजारी गादी दबलेली. हात लावला, गार.
घाबरलो. साफ घाबरलो. सकाळी पलंग भिंतीला सारला, दुसऱ्या बाजूला कपाट ओढून घट्ट चिकटवलं. आता पायथ्याकडून चढायचं. शेजारी बसायला कोणाला जागाच नाही.
फोनवर बायकोला सगळं सांगितलं. म्हणाली, कोणी का असेना, उठवतंय ना? मुखवटा लावा. मी फोन आपटला.

शनिवार, ८
कोपर आलं नाही.
गुदमरून जागा झालो. ओठ काळेनिळे. छातीत कळ, डावा हात बधिर. मालकीणबाई बाजारात जाता जाता म्हणाल्या, रात्री छान शांत होतं. फार वेळ शांत —

डॉक्टर फोन उचलत नाहीत. बायकोची गाडी दुपारी येणार. तोवर झोपायचं नाही. पण डोळे —
पेटीतून मुखवटा काढला. लावतो. वीज कुठे — उशाच्या भिंतीतला प्लग कपाटामागे गेलाय. मीच सरकवलं.

पलंगावर आडवा होऊन पायांनी ढकलतोय. हलत नाही. कळ येते. जरा टेकतो, दम आला की —

कपाटावर पलीकडून काहीतरी आपटतंय. हळू. नेमाने. कोपरानं मारावं तसं.
आत यायला जागा नाही तिला. मीच ठेवली नाही.
डोळा लागतोय. ये गं बाई, जी कोण असशील ती. तू ओढ. मी इकडून ढकल—