लॅपटॉपच्या सुट्या भागांतून मला वगळण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधीक्षक,
भांडार व खरेदी शाखा,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली.

विषय: स्वस्त व हलक्या लॅपटॉपच्या चाचणीत अर्जदाराची सुटा भाग म्हणून झालेली नोंद रद्द करून त्यास घरी जाऊ देणेबाबत.

संदर्भ: १) आपला तोंडी आदेश, "जरा वापरून बघा हो."
२) भांडारपालांची नोंद.
३) पुरवठादाराचे पत्र, जे वाचल्यापासून डोळ्याला डोळा नाही.

महोदय,

१. मी आवक-जावक शाखेचा लिपिक. सगळ्या शाखांसाठी स्वस्त, हलके लॅपटॉप घेण्याआधी एक नमुना मागवून तो रोजच्या कामात वापरून पाहावा, असे बैठकीत ठरले. बैठकीला जो गैरहजर, काम त्याच्या गळ्यात, ही आपल्या कार्यालयाची जुनी रीत. मी त्या दिवशी दाढ काढायला गेलो होतो. दाढ गेली आणि तिच्या जागी लॅपटॉप आला.

२. सदर लॅपटॉप बोटाच्या ठशावर उघडतो. पुरवठादाराच्या माणसाने माझा अंगठा ठेवायला सांगितला. यंत्राने नकार दिला. मग एकेक करून सगळी बोटे ठेवली. पण इतकी वर्षे टपालावर शिक्के मारून आणि पाकिटे चिकटवून माझ्या बोटांवरच्या रेषा पार पुसल्या गेल्या आहेत. शेवटी डाव्या हाताची करंगळी चालली, कारण तिला आजवर कुणी काम दिले नव्हते. तो माणूस म्हणाला, "झालं काका, आता हा तुमचाच!" तेव्हा मी हसलो. आता हसू येत नाही.

३. दुसऱ्या कुणाचे बोट जोडावे, अशी विनंती मी लगेच केली होती. त्यावर भांडारपाल म्हणाले, "नमुना आला तसा ठेवायचा. त्यात फेरफार केला की चाचणी बाद." नमुन्यासोबत आलेली प्रत्येक गोष्ट ते नोंदवतात आणि ज्यावाचून वस्तू चालत नाही तो तिचा भाग, असा त्यांचा हिशेब आहे. त्यांनी लिहिले: लॅपटॉप, एक. चार्जर, एक. पिशवी, एक. करंगळी, एक. आणि शेरा मारला: "करंगळी सुटी निघत नसल्याने उर्वरित इसम सोबत ठेवला आहे." महोदय, तो उर्वरित इसम म्हणजे मी.

४. नमुन्याचा माल, सर्व भागांसह, कार्यालय सुटताना भांडारात कुलूपबंद करायचा असतो. भांडारपाल माणूस मनाने वाईट नाहीत. मी कपाटात मावत नाही हे पाहून त्यांनी कपाटाचा आग्रह सोडला आणि मला मोडक्या खुर्च्यांच्या पलीकडे, खिडकीखाली जागा दिली. फाटकावरचा पहारेकरी, ज्याला मी रोज सकाळी तंबाखू देत असे, तो आता मला ओळख दाखवत नाही. "माल बाहेर न्यायचा तर पास आणा," म्हणतो. नमुन्याचा पास फक्त पुरवठादाराच्या नावे निघतो. मी आस्थापना शाखेत दाद मागितली. तिथल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही आता आमच्याकडे नाहीच आहात हो, तुम्ही भांडारात आहात!" तेही खरेच होते.

५. लवकर सुटायचे तर चाचणी लवकर संपवावी, म्हणून मी जीव तोडून अहवाल लिहिला. लॅपटॉप खरोखर चांगला आहे. वजनाला परीक्षेच्या पॅडएवढा. एकदा शिपायाने न बघता त्यावरच चहाचे कप ठेवून तो तीन टेबले फिरवला, तरी काही झाले नाही. पत्रे टाइप करणे, तक्ते भरणे, मेल पाठवणे ही कामे तो मुकाट्याने करतो. एकदा चार्ज केला की सकाळपासून कार्यालय सुटेपर्यंत पुरतो. हे लिहिले, तर लेखा शाखेने अहवाल परत पाठवला: "एवढी स्तुती? पुरवठादाराशी काही नाते?"

६. मग मी दोष लिहिले. तेही खरे आहेत. खिडकीशी बसले की पडद्यावर अक्षरांऐवजी आपलेच तोंड दिसते. पडद्यावर पाच-सहा खिडक्या एकदम उघडल्या की तो जिना चढून आल्यासारखा थांबतो. आवाज इतका बारीक की आपण ऑनलाइन बैठकीत रागावलात तरी लाडाने बोलत आहात असे वाटते. आणि इतका हलका, की पंखा पाचवर केला की झाकण आपोआप मिटते व करंगळी पुन्हा लागते. हाही अहवाल परत आला: "दोष वापरणाऱ्याचा दिसतो. वापरणारा हा वस्तूचाच भाग असल्याने दोष वस्तूत धरावा की कसे, खुलासा व्हावा."

७. खुलासा द्यायला गेलो, तर घेतला नाही. सुट्या भागाने मुख्य वस्तूबद्दल मत देण्याची तरतूद नाही, असे कळले. म्हणजे चाचणी मीच करायची, आणि अहवाल मी सोडून कुणीही द्यायचा. पण लॅपटॉप माझ्याशिवाय उघडत नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी चार्जरला जोडलेला.

८. त्यात पुरवठादाराचे पत्र आले. नापसंत असल्यास नमुना नोंदीप्रमाणे सर्व भागांसह परत करावा. पसंत असल्यास पुढचा माल ताडून पाहण्यासाठी नमुना आपल्या भांडारात कायमचा जपून ठेवावा. महोदय, लॅपटॉप नापास झाला तर मी पुरवठादाराच्या गोदामात, पास झाला तर आपल्या भांडारात. मी घरी जाईन असा एकही निकाल या चाचणीत नाही.

९. घरचे हाल काय सांगू? सौभाग्यवती फाटकाच्या गजांतून डबा देते. पहारेकरी तो "देखभाल साहित्य" म्हणून उघडून बघतो. परवा ती म्हणाली, "अहो, नळाला गळती लागलीय, पंखा कुरकुरतोय, आणि तुम्ही इथे आरामात लॅपटॉप खेळत बसलाय!" धाकटीला शाळेत वडिलांचा व्यवसाय विचारला. तिने जे खरे ते सांगितले. बाईंनी तिला समुपदेशनाला पाठवले. थोरला तर विचारतो, "बाबा, तुमची वॉरंटी किती आहे?" पोर हसत विचारते, पण मी पुरवठादाराचे पत्र पुन्हा उघडून शोधतो.

१०. सबब, नियमांची पुस्तके भांडारातच असल्याने आणि मला दुसरे काही काम नसल्याने, मी ती वाचून काढली. सुटकेचा एकच मार्ग सापडला. निकामी भाग निर्लेखित करून, म्हणजे नोंदीतून कायमचा कमी करून, मागच्या अंगणात लिलावात काढता येतो. तरी मला निकामी ठरवावे, ही विनंती. कारणे सबळ आहेत: एक दाढ नाही, गुडघा वाजतो, चष्म्याशिवाय दिसत नाही, चहाशिवाय सुरू होत नाही, आणि लवकर तापतो. लिलावात सौभाग्यवती बोली लावेल. राखीव किंमत ठरवताना माझी सेवाज्येष्ठता कृपया धरू नये. ती परवडणार नाही, असे तिने आत्ताच कळवले आहे.

उत्तराची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसलेला,

आपला, तूर्तास भांडाराचा, नम्र
(सही, उजव्या हाताची)
लिपिक, आवक-जावक शाखा
दिनांक: आपल्याकडच्या आवक शिक्क्याप्रमाणे. माझ्या शिक्क्यावर सध्या दुसराच बसतो.

सोबत: १) पहिला अहवाल, चांगला. २) दुसरा अहवाल, वाईट. ३) दाढ काढल्याचा दाखला. ४) सौभाग्यवतीचे बोलीपत्र, लॅपटॉप सोबत येणार नसेल तरच ग्राह्य.

ता. क. वरील अर्ज भांडारपालांना वाचून दाखवला. त्यांना तो पटला. म्हणाले, "बाकीचा इसम खुशाल निर्लेखित करू. पण करंगळी चालू स्थितीत आहे, आणि चालू भाग काढता येत नाही." तरी याच लॅपटॉपवर टाइप केलेला हा अर्ज पाठवून झाला की मी करंगळीला नोकरीला लावणार आहे. शिक्क्याचे पॅड आणि डिंकाची बाटली मी आवक-जावक शाखेतून मागवून घेतली आहे, आणि तुंबलेले टपाल पुष्कळ आहे. यापुढचा अर्ज हस्ताक्षरात आला, तर तिचे काम मनासारखे झाले असे समजावे.