झाकणावरचं अरबी

...आणि आचाऱ्यांनी हात पुढे करून "मिल्ह" म्हणताच मी क्षणाचाही विचार न करता त्यांच्या हातात साखरेचा डबा ठेवला.

ती. दाजींना साष्टांग नमस्कार. (पत्रात आधी नमस्कार येतो, हे मला ठाऊक आहे. पण गेले पंधरा दिवस आपल्या पद्धतीनं शिकत असल्यामुळे कशाच्या आधी काय येतं, याची माझी खात्री उरलेली नाही.) आपला गुडघा आणि ताईचा खोकला आता बरा असेल. इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे मी सोडून.

आमच्या कँटीनमध्ये नवे मुख्य आचारी आले आणि त्यांना अरबीखेरीज काही येत नाही, हे मी आपल्याला कळवलंच होतं. कोठी सांभाळायची जागा रिकामी होती. मॅनेजरनं सांगितलं की आचारी शब्द उच्चारतील, मी ती वस्तू समोर ठेवायची. जमलं तर कोठीच्या किल्ल्या माझ्या, नाहीतर भांडी घासायचा हौद आहेच. हौदावर मला अकरा वर्षं झाली आहेत. बोटांची कातडी आता सुट्टीच्या दिवशीही सरळ होत नाही. म्हणून मी एक चोपडं विकत आणलं. ते आपण पहिल्याच दिवशी काढून घेतलंत. भाषा पुस्तकात नसते, डब्यात असते, असं आपण म्हणालात. (आपण स्वतः अरबी कुणाकडून शिकलात, हे विचारायचं धैर्य आपल्या सासुरवाडीत अजून कुणाला झालेलं नाही.) मग आपल्या स्टेशनरीच्या दुकानातल्या चिठ्ठ्या, आपलं वळणदार अक्षर आणि आपलाच डिंक. आमच्या घरातल्या कांदे, बटाटे, लसूण यांच्या टोपल्यांना चिठ्ठ्या सुतळीनं बांधल्या गेल्या. फळीवरच्या सहा डब्यांना मात्र त्या झाकणांवर लागल्या, कारण वरून वाचायला बरं पडतं.

रविवारी आपण चिठ्ठ्या चिकटवल्यात, सोमवारी हिनं झाकणं धुतली. धुतली म्हणजे अगदी क्रमानं काढली, क्रमानं पुसली, क्रमानं लावली. फक्त त्या वेळी पहिला डबा, मिठाचा, शेगडीपाशी होता. त्यामुळे मिठाचं झाकण साखरेवर बसलं, साखरेचं मसुरीवर, मसुरीचं चहावर, चहाचं तांदळावर, तांदळाचं पिठावर, आणि उरलेलं पिठाचं झाकण हिनं मिठाच्या डब्यावर दाबलं. सगळे डबे एकाच मापाचे. (ताईनंच दिलेला संच, तिचे उपकार आहेत.) डिंक जरा बेताचा असता तर चिठ्ठ्या गरम पाण्यात सुटल्या असत्या आणि मी वाचलो असतो. पण आपल्या दुकानातला माल तसा नाही. आपली फक्त पाकिटं उघडी पडतात.

मंगळवारपासून मी अभ्यासाला बसलो. झाकण वाचायचं, उघडायचं, पाहायचं, घोकायचं. मिल्ह म्हणजे साखर. सुक्कर म्हणजे मसूर. अदस म्हणजे चहा. शाय म्हणजे तांदूळ. तहीन म्हणजे मीठ. तिसऱ्या दिवशी ही भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, सुक्कर म्हणजे साखरच असेल. आणि शाय म्हणजे चहा."

मी तिला समजावलं की कानाला ओळखीचा वाटणारा शब्द हटकून फसवा असतो, नवशिके तिथंच आपटतात, असं दाजींनी बजावलं आहे. ती म्हणाली, दाजींनी बजावलंय तर मग प्रश्नच मिटला. या वाक्याचा सूर मला तेव्हा कळला नाही.

आज परीक्षा झाली. साखरेचा डबा आचाऱ्यांनी उघडून पाहिला आणि बाजूला ठेवला. "सुक्कर" म्हणाले, मी मसूर आणली. "अदस" म्हणाले, मी चहा दिला. "तहीन" म्हणाले, मी मिठाचं पोतं ओढत आणलं, तेही हसतमुखानं. दर वेळी ते खिशातली छोटी वही काढून काहीतरी टिपत होते. मॅनेजर खिडकीबाहेर बघत होता. टोपल्यांचे तीन शब्द मात्र बिनचूक आले, कारण टोपल्या कुणी धूत नाही. (बटाट्याला बताताच म्हणतात, हे आपण लक्षात असू द्यावं. तो फसवा निघाला नाही.) शेवटी मॅनेजरनं मला उद्या सकाळी सहाला यायला सांगितलं. किल्ल्या की हौद, ते बोलला नाही. त्याच्या चेहऱ्यावरून मला हौदच दिसला.

घरी येऊन मी झाकणांचा उलगडा केला. ही शेजारी उभी राहून मदत करत होती, म्हणजे काहीच बोलत नव्हती. संध्याकाळभर बसून सहाही शब्द बरोबर पाठ केले. दोष आपला मुळीच नाही. हिचाही नाही. माझा आहे, असं घरात ठरलं आहे.

आपला आज्ञाधारक मेहुणा

ता. क. ताईला यातलं काही सांगू नये. तिनं किल्ल्यांची बातमी सगळीकडे आधीच सांगून ठेवली आहे.

ता. क. २. पत्र लिहिण्याचं खरं कारण असं की, उद्या हौद मिळाला तर आपल्या दुकानात मला एखादी जागा होईल का? चिठ्ठ्या चिकटवायला नको. बाकी काहीही चालेल.

ता. क. ३. पत्र टाकायचं राहिलं, म्हणून लिहितो. आज सकाळी सहाला गेलो. आचाऱ्यांनी "मिल्ह" म्हटलं. मी मीठ दिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली, वही उघडून माझ्यासमोर धरली आणि साखरेच्या डब्याकडे बोट दाखवलं. काल मी जे जे दिलं, त्याचं चित्र त्यांनी प्रत्येक शब्दापुढे काढलं होतं, आणि इकडे असंच म्हणत असतील असं समजून रात्रीत ते सगळं पाठ करून आले होते. मी साखर दिली. त्यांनी किल्ल्या दिल्या. दुपारी घरी आलो, तेव्हा हिनं सगळी झाकणं बरोबर डब्यांवर लावून ठेवली होती.