धोंडुबाईचा पैरा

४ जुलै १९९८

अतुल येऊन गेला. पायात बूट घालता घालता म्हणाला, "आई, यंदा लावण झाली तर झाली. न्हाय झाली तर रान वाट्यानं देऊया, तू इचलकरंजीला चल." मी म्हटलं, झाली तर? — "तर परत विषय काढणार न्हाय."

लेकाचा शब्द इथं लिहून ठेवते, म्हणजे फिरायला नको. ह्याच्याच पहिलीच्या पुस्तकावरनं मी अक्षरं गिरवली. आता त्याच अक्षरांत त्याला बांधून ठेवते!

भाताचा तरवा, वाफ्यातली रोपं, बावीस दिवसांचा झालाय. अजून दहा दिवस, फार तर. मग रोप म्हातारं होतं, फुटवे धरत नाही. मी सहासष्टची झाले तरी ह्या चिखलात हिरवी आहे. इचलकरंजीच्या मागावाल्यांच्या खोलीत नेऊन लावली तर महिन्यात पिवळी पडेन.

५ जुलै

पाऊस. चिखलणी करून घेतली. दोन एकर खाचरं आरशासारखी दिसतात. माणसं नाहीत.

७ जुलै

पलीकडच्या रानाचा हंबीरराव पाटील बांधावर आला. "काकी, पैरा करूया की. मजूर मिळंना झाल्यात. आमची नऊ माणसं तुमच्यात येत्यात, मग तुम्ही आमच्यात."

नऊ माणसांच्या बदल्यात मी एकटी! हा पैरा नव्हे, ही दया. पैरा म्हणजे माणसाला माणूस, दिवसाला दिवस.

म्हटलं, "तुमच्या घरानं धोंडुबाईला पैरा दिला न्हाय. मला नको."

"कोण धोंडुबाई?"

कोण धोंडुबाई!! आज पुरे.

८ जुलै

कोण ते लिहितेच.

माझी आज्जेसासू. अठरा सालच्या मानमोडीच्या तापात नवरा गेला, तशी चार पोरं घेऊन रत्नागिरीकडनं आंबा घाट चढून ह्या गावात आली. घाटाखालची, विधवा, आणि त्यात महार. मिळाला तो माळ, जिथं शेळीसुद्धा तोंड खाली घालत नव्हती. पहारीनं धोंडे काढले, त्याच धोंड्यांचे बांध घातले, बांधाआड पाणी अडवलं. तापानं पोरकी झालेली आणखी सात पोरं गोळा केली. अकरा! पोटची कोण आणि बाहेरची कोण विचारलं की म्हणायची, "ताटं बघ की, वळखू येत्यात का?"

गावात लावण पैऱ्यावर व्हायची. ज्याचं रान, त्याच्या घरचं दुपारचं जेवण — हा रिवाज. आमच्या रानात कुणी आलं नाही. अकरा पोरं आणि एक आई गुडघाभर चिखलात वाकून सगळं लावायची. मी तेराव्या वर्षी ह्या घरात आले, तेव्हाही तेच. एकदा विचारलं होतं, गाव का येत नाही? म्हणाली, "आपलं हात पुरं हायत." बाकीचं आम्ही समजलो.

आणि त्या घरचा पोरगा विचारतो, कोण!

९ जुलै

एसटीडीवरनं सगळ्या घरांना फोन केले. अकरा पोरांची आता सत्तरच्या वर माणसं आहेत. कुणाला रजा नाही, कुणाची कंबर धरलीय. कसबा बावड्याची दीप्ती म्हणते, "आजी, चिखलात जळवा असतात का हो?" असतात! माणसं तेवढी नसतात.

११ जुलै

तिघं आली. एकजण गॉगल लावून! दिवसभरात अर्धा एकर लागलं, तेही वाकडं. जाताना तिघं पाया पडली. पोरं गोड आहेत, भाकऱ्या बांधून दिल्या.

दीड एकर राहिलं. तरवा एकोणतीस दिवसांचा.

१२ जुलै

हंबीररावाच्या आईचा, तानाबाईचा, निरोप — ये. पंच्याऐंशीच्या घरातली बाई. जाणार नव्हते. गेले.

"बस, शेवंता. हंबीऱ्यानं सांगितलं तू काय म्हनलीस त्ये. खोटं हाय."

मी उठलेच. तिनं पदर धरला.

"आमी पैरा न्हाय दिला? आगं, मागायला गेल्तो आमी! सासऱ्यानं मलाच धाडलंतं, नवी नवरी मी. म्हन, आमची माणसं येत्यात, तुझी पोरं दे. फकस्त जेवान आमचं आमी घिऊन येऊ. ती वाकल्याली हुती, सरळ झाली. म्हनली, 'पोरी, माझी भाकरी जो खाणार न्हाय, त्येचा पाय माझ्या चिखलात नगं.' तीन सालं गेले मी. तिन्ही डाव त्येच."

गावानं तिला बाहेर ठेवलं, हे खरंच. पण दार लावलं ते तिनं — आतून. आणि मी पन्नास वर्षं तिची कीव करत आले! बिचारी, कुणी आलं नाही म्हणून! बिचारी? ती?

१३ जुलै

हंबीररावाच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "पैरा करते. नऊ माणसांचे नऊ दिवस मी एकटी देणार, एक कमी न्हाय. आणि जेवण माझ्या घरचं."

"काकी, आता कुठं राहिलंय तसलं."

"नसंल तर बरंच की. उद्या दिसंल."

१४ जुलै

नऊच्या नऊ आले. खताच्या पोत्यांच्या खोळी डोक्यावर, वरनं धार. दुपारपर्यंत निम्मं उरकलं. मी दुरडी आणली — तांदळाच्या भाकऱ्या, कुळथाचं कोरड्यास, खरडा. तर दोघीजणी पिशवीतनं डबे काढायला लागल्या! "घरनं आणलंय काकी. तुमाला कशाला तरास."

तरास!

पाऊण एकर बाकी होतं. गप्प बसले असते तर दिवस मावळायच्या आत लागलं असतं आणि इचलकरंजीचा विषय मिटला असता. पण तोंडातनं निघून गेलं — "मग चिखलातनं पाय काढा."

कुणी हललं नाही. तानाबाई हट्टानं बैलगाडीतनं येऊन बांधावर छत्रीखाली बसली होती. तिनं हात पुढं केला. "शेवंता, पयली मला दे."

भाकरी मोडली, खरड्याला लावली, दात नसताना चघळत राहिली. सगळे बघतायत. "तिखाट हाय," म्हणाली. "आनी एक दे."

डबे पिशवीत गेले. एक बाई मान खाली घालूनच जेवली, पण जेवली. साडेपाचला शेवटची मूठ मी लावली.

१५ जुलै

हंबीररावाच्या रानात, पहिला दिवस. त्यांच्या आमटीत मीठ कमी होतं, तसं सांगितलं. अतुलला कळवलं — अजून आठ दिवस मी मोकळी नाही, आणि पुढच्या साली पैऱ्याला एक माणूस तुझ्याकडचं धरलंय.

"पैरा कुणाच्या नावानं धरू, काकी?" हंबीररावानं विचारलं.

"धोंडुबाईच्या."

ह्या खेपेला, कोण, असं त्यानं विचारलं नाही.